आधी क्रमांक, मग नाव

३००१२८ हा एका लघुग्रहाचा क्रमांक आहे. शेवटाकडून दोन-दोन आकडे घेत वाचला तर २८-०१-३० असा होतो. २८ जानेवारी १९३० ही पंडित जसराज यांची जन्मतारीख. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या या खडकाला २०१९ च्या सप्टेंबरात ‘पंडितजसराज’ हे नाव मिळालं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय संगीतकार. वर्तमानपत्रांत तेव्हा बातमी आली, फोटो छापले गेले, मुंबई-पुण्यातल्या त्यांच्या चाहत्यांना आनंद झाला. पण हा खडक सापडला होता ११ नोव्हेंबर २००६ रोजी, अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या माउंट लेमनवरच्या दुर्बिणीतून. सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत जवळजवळ तेरा वर्षं गेली. त्या वर्षांत काय घडतं ते बातमीत येत नाही. ते सांगावं म्हणून हा लेख.

शाळेतल्या मुलांना घेऊन मी लघुग्रह शोधण्याच्या मोहिमांत भाग घेतो. हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावर पॅन-स्टार्स ही दुर्बीण आहे. तिने टिपलेल्या आकाशाच्या प्रतिमा जगभरच्या शाळांना तपासायला मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चार प्रतिमा. ‘अॅस्ट्रोमेट्रिका’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या एकापाठोपाठ एक पुन्हा पुन्हा दाखवायच्या. करड्या पडद्यावर शेकडो काळे ठिपके दिसतात. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका मात्र प्रत्येक चित्रात थोडा थोडा पुढे जातो. पडदा स्थिर नजरेने बघत राहिलं की आधी काहीच दिसत नाही, आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, “सर, हा बघा, हा सरकतोय.”

तिथून खरं काम सुरू होतं. सॉफ्टवेअर आधी ठाऊक असलेल्या लघुग्रहांवर खूण करून देतं. ते वगळायचे. उरलेल्या ठिपक्यावर क्लिक केलं की एक छोटी चौकट उघडते. तीत ठिपक्याच्या प्रकाशाचा आलेख असतो. मधे उंच आणि दोन्हीकडे सारखा उतरत गेलेला आलेख असेल तर तो खरा प्रकाशबिंदू. एकाच टोकदार रेषेसारखा असेल तर कॅमेऱ्याच्या पिक्सेलमधला दोष, किंवा अवकाशातून येऊन धडकलेला वैश्विक किरण. मग चारही चित्रांतली जागा एका सरळ रेषेत आहे का, पावलं सारखी आहेत का, तेजस्विता फारशी बदलत नाही ना, हे बघायचं. एक जरी उत्तर खटकलं तरी ठिपका सोडून द्यायचा. मुलांना हे जड जातं, कारण प्रत्येकालाच आपला ठिपका खरा वाटत असतो. पण सोडून देणं शिकल्याशिवाय हे काम येत नाही.

खात्री पटली की अहवाल जातो. एका निरीक्षणाला ऐंशी रकान्यांची एक ओळ असते. तिच्यात दिनांक, ठिपक्याची आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे, तेजस्विता, आणि शेवटी वेधशाळेचा सांकेतिक क्रमांक, पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीसाठी ‘एफ५१’. तारखेत तास-मिनिटं नसतात. दिवसाचे दशांश लिहितात, कारण पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. या ओळी अखेर अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पोचतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने जगातल्या सगळ्या लघुग्रहांची नोंद हे केंद्र ठेवतं.

नवा लघुग्रह असेल तर त्याला आधी तात्पुरती संज्ञा मिळते. जसराजांच्या लघुग्रहाची संज्ञा होती ‘२००६ व्हीपी३२’. ती वाचायला शिकलं की शोधाची वेळ त्यात सापडते. २००६ हे वर्ष. वर्षाच्या बारा महिन्यांचे प्रत्येकी दोन असे चोवीस भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. ‘आय’ वगळतात, आणि शेवटच्या ‘झेड’ची गरज पडत नाही. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्या पंधरवड्यातले शोध दुसऱ्या अक्षराने मोजतात, पुन्हा ‘आय’ वगळून, म्हणजे पंचवीसपर्यंत. पंचवीस संपले की फेरी नव्याने सुरू होते आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा मागे लागतो. ‘पी’ हे पंधरावं अक्षर, आणि बत्तीस फेऱ्यांचे आठशे. म्हणजे हा त्या पंधरवड्यातला ८१५ वा लघुग्रह. दोन आठवड्यांत आठशेच्या वर! कोणता खडक कुणाच्या नावाने ओळखला जाणार आहे, याची कल्पनाही त्या रात्री कुणाला नव्हती.

त्यानंतर वाट बघायची. काही रात्रींच्या निरीक्षणांवरून कक्षेचा अंदाज येतो, पण तो कच्चा असतो. पृथ्वीवरून दिसण्याच्या दृष्टीने लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो, तेव्हा तो सर्वांत चांगला दिसतो. अशा साधारण चार खेपांना तो पुन्हा पुन्हा सापडला आणि गणिताने सांगितलेल्या जागीच सापडला, की कक्षा पक्की झाली असं मानतात. मग त्याला कायमचा क्रमांक मिळतो, आणि नावाचा विचार क्रमांकानंतरच होतो.

हा क्रम अनुभवातून आला आहे. व्हिएन्नाचे योहान पालिसा हे दुर्बिणीला डोळा लावून लघुग्रह शोधणारे थोर निरीक्षक. १८८६ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांनी क्रमांक २४४ ला नाव देण्याचा हक्क पन्नास पौंडांना विकायला काढला, तशी जाहिरात इंग्लंडमधल्या एका खगोल नियतकालिकात आली. त्या लघुग्रहाला गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे त्याचं नाव ठेवलं गेलं सीता, आपल्या रामायणातली. पण २५० क्रमांकासाठी बॅरन आल्बर्ट फॉन रोथशिल्ड यांनी पैसे मोजले आणि तो लघुग्रह त्यांच्या पत्नीच्या नावाने ‘बेट्टिना’ झाला. या दानशूर बॅरनच्या निधनानंतर, १९११ मध्ये सापडलेल्या ७१९ क्रमांकाला पालिसांनी ‘आल्बर्ट’ हे नाव दिलं. निरीक्षणं फार थोडी होती. आल्बर्ट आकाशात हरवला तो थेट २००० साली सापडला. नाव होतं, क्रमांक होता, पण खडक कुठे आहे हे ८९ वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. आज नाव विकत मिळत नाही, आणि कक्षा पक्की झाल्याशिवाय क्रमांकही मिळत नाही.

आजची पद्धत अशी. क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधकाचा. नाव सोळा अक्षरांच्या आत, शक्यतो एक शब्द, उच्चारता येईल असं, कुणाला अपमानास्पद न वाटणारं, आणि आधीच्या कुठल्या नावाशी गोंधळ न होणारं हवं. व्यापारी जाहिरात चालत नाही. पाळीव प्राण्यांची नावंही नकोत असं सुचवलं जातं. २३०९ क्रमांकाला शोधकाने आपल्या मांजराचं ‘मिस्टर स्पॉक’ हे नाव दिलं, त्यानंतर ही सूचना आली. पृथ्वीजवळ येणाऱ्यांना पुराणकथांतली नावं देण्याचा प्रघात आहे, गुरूच्या कक्षेतल्या मोठ्या लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची. प्रस्तावासोबत त्या नावामागची ओळख थोडक्या वाक्यांत लिहून द्यावी लागते. देशोदेशीच्या खगोलशास्त्रज्ञांचा एक गट प्रत्येक प्रस्ताव तपासतो आणि मान्य झालेली नावं आपल्या पत्रिकेत प्रसिद्ध करतो. २०२१ पासून ही पत्रिका वेगळी निघते आणि कुणालाही फुकट वाचता येते.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम राजकारणी आणि सेनानी यांच्याविषयीचा आहे. त्यांचं नाव द्यायचं तर त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं उलटलेली हवीत. या नियमामागे जुनी भांडणं आहेत. पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ ला जुसेप्पे पियाझी यांनी सिसिलीतल्या पालेर्मोहून शोधला आणि नाव दिलं ‘सेरेस फर्डिनांडेआ’. सेरेस ही धान्याची रोमन देवता, फर्डिनांड हा तिथला राजा. राजाचं नाव इतर देशांनी स्वीकारलं नाही, देवता राहिली. १८५० मध्ये लंडनच्या जॉन हिंड यांनी बाराव्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ म्हटलं. ही रोमन देवताच, असा खुलासा त्यांनी केला, तरी गादीवरच्या राणीचं नाव म्हणून अमेरिकेतल्या काहींनी हरकत घेतली. गायकाला, गणितज्ञाला, शिक्षकाला मात्र शंभर वर्षं थांबावं लागत नाही. आपलं नाव जसराजजींना स्वतः वाचता आलं.

आपल्या देशाचा या यादीशी जुना संबंध आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून ६७ क्रमांकाचं नाव ‘एशिया’. मद्रासहून त्यांनी एकूण पाच लघुग्रह शोधले, शेवटचा १८८५ मध्ये. त्यानंतर भारतातून पुढचा सापडायला शंभरहून जास्त वर्षं लागली. १९८८ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या कावलूरहून आर. राजमोहन यांनी शोधलेला तो लघुग्रह आज ४१३० ‘रामानुजन’ आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाचा १९५८ ‘चंद्रा’ आहे, वेणू बाप्पूंच्या नावाचा २५९६ आहे. जपानमधून सापडलेला ४५३८ हा बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचा. कोलंबिया यान २००३ मध्ये कोसळलं तेव्हा त्यातल्या सातही अंतराळवीरांना ओळीने सात क्रमांक दिले. ५१८२६ ‘कल्पनाचावला’. आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारूख बलसाराचाही एक आहे. जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं, आणि सत्तराव्या जन्मदिनी, २०१६ मध्ये, १७४७३ या लघुग्रहाला त्याचं नाव मिळाल्याचं जाहीर झालं.

ती पत्रिका मी नियमाने वाचतो, आणि प्रसिद्ध नावांहून जास्त वेळ अनोळखी नावांवर रेंगाळतो. आयुष्यभर उल्कांच्या नोंदी ठेवणारा हौशी निरीक्षक, दुर्बिणीचे आरसे घासणारा कारागीर, कक्षांची गणितं करणारा संगणकतज्ज्ञ, गावातल्या मुलांना तारे दाखवणारी शिक्षिका. त्यांची ओळख तीन-चार ओळींत लिहिलेली असते, आणि राजांच्या वाट्याला न आलेली जागा त्यांना मिळालेली असते.

क्रमांक मिळालेले लघुग्रह आज आठ लाखांच्या पुढे आहेत. त्यांतल्या जेमतेम पंचवीस हजारांना नाव आहे. अशा यादीत मराठी नावं वाढावीत असं वाटणं साहजिक आहे. पण ती मागून येणार नाहीत, आणि ताऱ्याला नाव दिल्याचं प्रमाणपत्र विकत घेऊन तर मुळीच नाही. तसल्या प्रमाणपत्रांना खगोलशास्त्रात कसलीही मान्यता नसते. नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा असतो. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझं सांगणं आहे, शाळेत एक संगणक आणि इंटरनेट असेल तर शोधमोहिमेत मुलांचा एक गट जरूर उतरवा. नोंदी काटेकोर ठेवायला आणि शंका असलेला ठिपका सोडून द्यायला त्यांना शिकवा. त्यातल्या एखाद्या ठिपक्याला पुढे क्रमांक मिळेल, आणि मग कुणाचं नाव द्यायचं हे आपली मुलं ठरवतील.