रात्री आखडणारी बोटे

धाराशिव जिल्ह्यात ज्वारीच्या काढणीत हात दुखणे नवे नाही. ते दुखणे विश्रांतीने ओसरते. पण रात्रीच्या झोपेनंतरच बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, भाकरी थापायला हात वळेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल, तर आमवाताची तपासणी करावी.

झोपण्यापूर्वी दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवून बोटांची हलकी उघडझाप करावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री मनगटाला व बोटांना आधार देणारा स्प्लिंट वापरावा. यामुळे आराम पडतो, आजार थांबत नाही. सांधे वाकडे होण्याआधी औषध सुरू व्हायला हवे. त्यातली मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते. ती रोज घेणे जिवावर बेतू शकते.