परग्रहावरचा भाऊ

आपल्या घरीं नवखा पाहुणा आला कीं, पाण्याच्या तांब्याबरोबरच गांव, आडनांव व सोयरसंबंध यांची विचारपूस सुरू होते. एवढें समजलें म्हणजे मनुष्य ओळखीचा झाला असें आपण मानतों. परंतु ज्यास आपलें गांव सांगतांच येत नाहीं, त्याची ओळख कशानें पटावी? हा प्रश्न जॉन सेल्स या अमेरिकन दिग्दर्शकानें १९८४ सालीं 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' या चित्रपटांत मोठ्या मार्मिकपणें मांडला आहे.

इंग्रजींतील 'एलियन' हा शब्द परदेशस्थास लावतात, तसाच परग्रहवासी प्राण्यासहि लावतात. या दोन अर्थांवरच सारें कथानक उभें आहे. न्यूयॉर्कच्या बंदरांत एक यान कोसळतें व त्यांतील जखमी प्रवासी एलिस बेटाचा आश्रय घेतो. स्थळाची ही निवड सहेतुक आहे. १८९२ पासून १९५४ पर्यंत अमेरिकेंत वस्तीस येणाऱ्या सुमारें १ कोटी २० लाख लोकांची तपासणी याच बेटावर झाली. तेथील ओसाड इमारतीस नायकाचा हात लागतो, आणि पूर्वीं तेथें ताटकळलेल्या नाना देशींच्या माणसांचे आवाज त्यास ऐकूं येऊं लागतात.

हा नायक रंगानें काळा व वाचेनें मुका आहे. पायांस मात्र बोटें तीनच. हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत तो शिरतो. बिघडलेलें यंत्र असो वा दुखरें अंग, तें त्याच्या नुसत्या स्पर्शानें बरें होतें. या गुणावर त्यास खेळांचीं विजेचीं यंत्रें दुरुस्त करण्याचें काम मिळतें, आणि एका बाईच्या घरीं राहावयास जागाहि मिळते. मद्यगृहांतील नेहमींचीं गिऱ्हाइकें त्याच्याविषयीं नाना तर्क लढवितात. वाट चुकून आलेले इंडियाना प्रांतांतील दोन गोरे तरुण त्याच्याजवळ बसून मन मोकळें करतात. जो मोर्टन या नटानें एकहि शब्द न उच्चारतां, केवळ नजरेनें व चालण्यानें ही भूमिका जिवंत केली आहे.

भुयारी आगगाडींतील प्रसंग तर विसरतां येणार नाहीं. एक पोरगा त्यास पत्त्यांची हातचलाखी दाखवितो आणि शेवटीं म्हणतो कीं, आतां गाडींतील गोरीं माणसें नाहींशीं करतों! स्थानक येतें, आणि गाडी हार्लेमकडे निघण्यापूर्वींच गोरे उतारू खरोखर उतरून जातात. एकाच शहरांत दोन ग्रह नांदत असल्याचें याहून थोडक्यांत कोणी सांगितलें नसेल. पुढें संग्रहालयांत एका मुलास नायक पळून जाणाऱ्या गुलामाचें चित्र दाखवितो व स्वतःकडे बोट करतो. तोहि आपल्या ग्रहावरील दास्यांतून निसटलेला आहे, आणि काळ्या पोशाखांतील दोन गोरे पाठलागी त्याच्या मागावर आहेत. त्यांपैकीं एकाचें काम स्वतः सेल्सनेंच केलें आहे.

या चित्रपटास सुमारें ३,५०,००० डॉलर खर्च आला. १९८३ सालीं मिळालेल्या मॅकआर्थर वृत्तीचा कांहीं पैसा सेल्सनें त्यांत घातला. त्यामुळें आकाशयानांचा थाटमाट येथें नाहीं; भर आहे तो माणसांच्या बोलण्यावर. मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा छडा लावण्याचें उपकथानक मात्र जरा लांबलें आहे व मूळ कथेशीं तें पुरतें एकजीव झालेलें नाहीं.

नायकाचें नांव आपणांस शेवटपर्यंत कळत नाहीं. कृष्णवर्णीय लोक परस्परांस 'ब्रदर' म्हणून हाक मारतात, तेंच त्याचें नांव. मद्यगृहांतील त्या साध्या मंडळीनें त्याच्या कुळाविषयीं पुष्कळ तर्क केले. पण उत्तर मिळेपर्यंत त्यास दारांत उभें मात्र ठेविलें नाहीं. बेटावरील कचेरींत आधीं कागद पाहत व मग माणूस आंत घेत. येथें माणूस आधीं आंत आला. पाहुण्याची विचारपूस करणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनीं हा क्रम एकवार मनांत घोळवून पाहावा.