बी.एस्सी.चे पदार्थविज्ञान आणि आपल्या उसाचा उतारा

बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात, दूध डेअरीच्या कट्ट्यावर, सगळीकडे एकच विषय निघतो. पोराला कुठं घालायचं? इंजिनिअरिंगला नंबर लागला तर पेढे, नाही लागला तर "बी.एस्सी.ला टाकलंय" असे खाली मान घालून सांगायचे, अशी रीतच पडून गेली आहे. त्यातून पोराने किंवा पोरीने फिजिक्स घेतले म्हटल्यावर वडीलधाऱ्यांना काहीच उमगत नाही. पूर्वी याला पदार्थविज्ञान म्हणत, आता पुस्तकात भौतिकशास्त्र म्हणतात. मास्तर होण्यापलीकडे याचा उपयोग काय, असा प्रश्न अनेक सभासद बंधू करतात, म्हणून या अंकात थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपल्या एका सभासदाची लेक मालगुंडला दिली आहे. मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याच्या शेजारचे गाव, कवी केशवसुतांचे जन्मगाव. देवदर्शनाला गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तिथले १९९४ साली उभे राहिलेले स्मारक पाहिले असेल. आंबा, नारळ, भात आणि मासळी यांवर जगणारा हा मुलूख. उसाचा फड तिकडे औषधालाही सापडायचा नाही. या सभासदाचा नातू एस.टी.ने रत्नागिरीला जाऊन बी.एस्सी. करतो. सुट्टीत आजोळी आला तेव्हा म्हणाला, "आजोबा, तुमची साखर आम्ही प्रॅक्टिकलला नळीत घालून उजेडानं मोजतो." आजोबा म्हणाले, "मोज की. पण आमचा उतारा का घसरतो तेवढं सांग."

पोराने ते सांगितले आणि बरोबर सांगितले.

साध्या उजेडाची लाट उभी, आडवी, तिरपी अशी सगळीकडे हलत असते. दाव्याचे एक टोक खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाला हिसका दिला तर लाट कशीही जाते. पण तेच दावे कुडाच्या उभ्या फटीतून ओवले तर फक्त उभी लाट पलीकडे पोचते. उजेडालाही अशी फट लावता येते. तिच्यातून गेलेला उजेड एकाच पातळीत हलतो. आता हा उजेड साखरेच्या पाण्यातून पाठवला, तर ती पातळी उजवीकडे वळते. साखर जितकी जास्त तितकी अधिक वळते. बिओ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली ही गोष्ट दाखवून दिली. १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम साखर, २० सेंटिमीटर लांबीची नळी आणि सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड घेतला तर पातळी सुमारे १३.३ अंश वळते. साखर निम्मी केली की अंशही निम्मे. म्हणजे कोन मोजला की साखर कळली. या यंत्राला पोलॅरीमीटर म्हणतात, आणि आपल्या कारखान्याच्या लॅबमध्ये जो 'पोल' काढतात तो याच तत्त्वावर. रस गढूळ असतो म्हणून आधी तो निवळून, गाळून घ्यावा लागतो, एवढाच फरक. कारखान्याच्या मापात २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटरमध्ये विरघळवून २० सेंटिमीटरच्या नळीत घातली की काटा १०० दाखवतो. ते प्रमाण जगभर एकच आहे.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. ऊस तोडून फडात किंवा ट्रॉलीत पडून राहिला की त्यातली साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. चवीला दोन्ही गोडच. रस चाखून कुणाला फरक कळणार नाही. पण फ्रुक्टोज उजेडाला डावीकडे जोरात वळवते, त्यामुळे हे मिश्रण एकूण डावीकडे वळते. उजवीकडे ६६.५ असणारा आकडा पूर्ण फुटलेल्या साखरेत डावीकडे २० च्या आसपास जातो! ही फुटलेली साखर दाणा धरत नाही, उलट मळीत जाते. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला सगळाच ऐवज. तो शिळ्या उसातही चांगला दिसतो, कारण पाणी उडून गेलेले असते. म्हणून नुसत्या ब्रिक्सवर भुलू नये. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर ही शुद्धता, आणि शिळ्या व जळीत उसात नेमकी तीच ढासळते. "माझा ऊस गोड होता, तरी उतारा कमी कसा" या वादाचे मूळ इथे आहे.

पैशात सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्याचा हिशेब ३,४६० रुपयांचा झाला, तोसुद्धा एका दशांश टक्क्यासाठी. आणि दर सरासरी उताऱ्यावर निघतो, तेव्हा एकाने चार दिवस फडात ठेवलेल्या उसाचा फटका शेजाऱ्यालाही बसतो. तोडणी झाल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावे हा आग्रह शेती खाते उगीच धरत नाही. अर्थात टोळी वेळेवर न येणे, ट्रॅक्टर यार्डात रांगेत उभा राहणे ही जबाबदारी शेतकऱ्याची नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

काट्याचेही तसेच. वजनकाट्याविषयी सभासदांच्या मनात कायम शंका असते. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्याखाली जी लोखंडी ठोकळी असते, तिला चिकटवलेली बारीक तार वजनाखाली ताणली-दाबली जाते, तिचा विजेला होणारा विरोध किंचित बदलतो आणि तो बदल व्हीटस्टनच्या ब्रिजने मोजतात. हा ब्रिज शास्त्र शाखेच्या पोरांना फार लवकर, प्रॅक्टिकलच्या टेबलावरच भेटतो. काटा कशाने चुकू शकतो हे त्याला नेमके विचारता येईल. वैधमापन खात्याचा शिक्का आणि तारीख पाहणे मात्र तुमच्या-आमच्या हातात आहे, त्याला पदवी लागत नाही.

पॅनमध्ये हवा काढून रस कमी उष्णतेवर उकळणे, एका वाफेवर पाठोपाठ अनेक भांडी चालवणे, बगॅस जाळून वीज करणे, हे सारे उष्णतेच्या प्रकरणात येते. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

अभ्यासक्रम कसा असतो? रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ सालचे, मुंबई विद्यापीठाला जोडलेले. आपल्या बाजूची कॉलेजे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाकडे. तपशील थोडाफार वेगळा, गाभा एकच. सुरुवातीला गतिशास्त्र, प्रकाश, वीज, उष्णता. सोबत गणित आणि बहुधा रसायन. पुढे इलेक्ट्रॉनिक्स, आणि शेवटी अणू-रेणू, घनपदार्थ, अणुगर्भ, सापेक्षता. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही मेजर-मायनर विषय आणि क्रेडिटची पद्धत आली. तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. मध्येच सोडावे लागले तर एका वर्षावर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांवर पदविका मिळते. घरच्या अडचणीने शिक्षण तुटणाऱ्या मुलींना याचा उपयोग व्हावा, पण त्या कागदावर नोकरी मिळेल असे समजून कुणी मुद्दाम शिक्षण सोडू नये.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: या विषयात गणिताशिवाय पाऊल पुढे पडत नाही. बारावीला गणित कसेबसे काढलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी हमखास अडतो. ज्याला गणिताची धास्ती आहे त्याला आग्रहाने इकडे ढकलू नये.

पुढच्या वाटा म्हणाल तर एम.एस्सी., शिक्षकी, हवामान खाते, मापनयंत्रांच्या कंपन्या, संगणक. डॉ. वसंत गोवारीकरांचे बालपण कोल्हापुरात गेले. पुढे ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले, आणि १९८८ पासून वापरात आलेले मोसमी पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे गणित त्यांच्याच नावाने ओळखले गेले. एवढ्या उंचीवर सगळेच जातील असे नाही. पण साखर धंद्यातच यायचे असेल तर कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था आणि मांजरीची १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथे पदवीनंतरचे साखर-तंत्राचे शिक्षण मिळते. तिकडे जाण्याचा विचार असणाऱ्यांनी फिजिक्स मेजर घेतले तरी रसायनशास्त्र सोडू नये, आणि विषय निवडण्याआधी त्या संस्थेची प्रवेशाची अट स्वतः वाचून घ्यावी. कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून ती सांगेलच असे नाही.