फराळ खा, पण दातांना उसंत द्या

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकलं की सारं घर एकत्र फराळाला बसतं. दातांच्या दृष्टीने दिवाळीतला हा सर्वांत निर्धोक फराळ. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. पाहुण्यांसोबत एक करंजी, जाता-येता मूठभर चिवडा, चहाबरोबर शंकरपाळे, शेजारच्या घरून आलेला अनारसा आणि झोपताना अर्धा लाडू! या दिवसांत दात कशाने बिघडतात याबद्दल घरोघरी काही समजुती पक्क्या झालेल्या आहेत. त्या तपासून पाहिल्या, तर फराळातला एकही पदार्थ न सोडता दात सांभाळता येतात.

गैरसमज : गोड जितकं जास्त, तितकी कीड जास्त.

वस्तुस्थिती : किती खाल्लं याला महत्त्व आहेच, पण किती वेळा खाल्लं याला त्याहून अधिक आहे. दातांवरच्या चिकट थरात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू राहतात. साखर मिळताच काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. तिथला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या कठीण आवरणातून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजं पुन्हा बसवते, पण त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात दुसरा शंकरपाळा तोंडात गेला, तर हे चक्र पहिल्यापासून सुरू होतं.

स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या विपेहोल्म संस्थेत १९४५ पासून काही वर्षं याविषयी प्रयोग झाले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीशिवाय झालेले हे प्रयोग आज अनैतिक मानले जातात. मात्र त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांमध्ये कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खाणाऱ्यांमध्ये ती झपाट्याने वाढली.

गैरसमज : गूळ, मध आणि खजूर दातांना चालतात.

वस्तुस्थिती : गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखरेत असते तीच शर्करा. मधात आणि खजुरात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतं. जिवाणू या सगळ्यांपासून आम्ल बनवतात. ‘शुगर फ्री’ म्हणून भेट येणारे खजूर-अंजीर रोल तर दाढांच्या खाचांमध्ये चिकटून बसतात. अशा रोलवर त्या शब्दांचा अर्थ फार तर एवढाच, की वेगळी साखर घातलेली नाही.

गैरसमज : चकली, शेव, चिवडा तिखट-खारट, त्यांनी दात किडत नाहीत.

वस्तुस्थिती : हे पदार्थ पिठाचे आणि पोह्यांचे, म्हणजे पिष्टमय आहेत. लाळेतलं अमायलेज पिष्टाचं साध्या शर्करांमध्ये रूपांतर करतं आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. शिवाय चावलेल्या चकलीचा लगदा दाढांमध्ये अडकून राहतो. चिवड्यात पिठीसाखर आणि बेदाणे पडले, की पिष्ट आणि साखर एकत्र येतात. पिष्टासोबतची साखर दातांवर जास्त वेळ टिकते.

गैरसमज : खाल्लं की लगेच दात घासावेत.

वस्तुस्थिती : लिंबू सरबत किंवा शीतपेय प्यायल्यावर आवरण आम्लामुळे थोडं मऊ झालेलं असतं. अशा वेळी लगेच ब्रश फिरवला, तर झीज वाढू शकते. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं. रात्रीचं घासणं मात्र चुकवू नये, कारण झोपेत लाळ फारच कमी होते. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटं घासावं, फेस थुंकून टाकावा आणि भरपूर पाण्याने चूळ भरून फ्लोराइड धुऊन काढू नये. त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये, दूधसुद्धा नाही.

गैरसमज : मुलांचे दुधाचे दात पडणारच, किडले तर बिघडलं कुठे?

वस्तुस्थिती : दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि कायमच्या दातांची जागा राखतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी दाढ कायमची असते, ती गेली तर पुन्हा येत नाही. पालक अनेकदा तिला दुधाचीच समजतात.

गैरसमज : दाढ दुखली तर लवंग किंवा गोळी दाबून ठेवावी.

वस्तुस्थिती : लवंगेतल्या युजेनॉलने काही वेळ बधिरता येते, आतली कीड तशीच राहते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली, तर हिरडी भाजते. गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल, तर भाऊबीज होईपर्यंत थांबू नये. संसर्ग पसरत असल्याची ती लक्षणं आहेत.

म्हणून फराळ पहाटेच्या बैठकीत किंवा जेवणासोबत करावा, डबा दिवसभर टेबलावर उघडा ठेवू नये आणि मधल्या वेळी पाणी प्यावं. आधीपासून दुखरा दात असेल, तर सुट्ट्या लागण्यापूर्वी दंतवैद्याला दाखवावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही तपासणी होते. घरात फराळाची तयारी सुरू होईल, त्याच आठवड्यात मुलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा दाखवून आणा.