जुन्या मस्टँगला रंग नंतर, आधी ब्रेक!

अमेरिकेत १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करणारे बरेच जण आधी इंजिन आणि रंगाच्या मागे लागतात. माझ्या मते पहिला हात ब्रेकला लावावा. या गाड्यांच्या मूळ मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलचा एकच कप्पा असतो आणि चारही चाकांना दाब तिथूनच जातो. एक नळी कुठेही फुटली की पेडल थेट तळाला, चारही ब्रेक गायब! आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. उरतो फक्त केबलवरचा हँडब्रेक.

नळी फुटते कशी? नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे स्टीलच्या नळ्या आतून गंजतात. बाहेरून कळतही नाही.

१९६७ च्या मॉडेलपासून फोर्डने दोन कप्पे दिले, पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे. असा सिलिंडर जुन्या गाडीतही बसतो, फक्त नळ्यांची जोडणी बदलावी लागते. बसवण्याआधी तो व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. बुडबुडे राहिले तर पेडल स्पंजासारखं लागतं. नळ्या आणि रबरी होज नवेच घ्या. आणि सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.