गाण्यातलं नाव आणि विद्यापीठातलं अध्यासन

‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो, ते गाणं आठवतं ना? भोसरीच्या वरातीत ते वाजलं की आपलेही पाय थिरकतात. पण अँथनी गोन्साल्विस हे खऱ्या माणसाचं नाव आहे. ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या त्या सिनेमात शिष्याने गुरूला केलेला तो नमस्कार होता.

गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. मुंबईच्या सिनेसृष्टीत ते अरेंजर होते. चाल संगीतकाराची, पण कोणत्या वाद्याने कुठे, काय वाजवायचं हे अरेंजर कागदावर लिहून देतो. तबकडीवर मात्र त्याचं नाव सहसा नसे. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ते अमेरिकेला गेले, परतून माजोर्ड्यात शांतपणे राहिले. 2012 मध्ये ते वारले.

आज गोवा विद्यापीठात पाश्चात्त्य संगीताचं अध्यासन त्यांच्या नावाने आहे. अध्यासन म्हणजे काय? एखाद्या विषयासाठी पैशांची कायम सोय करून ठेवलेली प्राध्यापकाची जागा. आपल्या बचत गटाची मुदत ठेव असते ना, तसंच. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून शिकवणाऱ्याचं मानधन द्यायचं. ऑक्सफर्डमध्ये विल्यम हेदर या गायकाने 1626 मध्ये संगीतासाठी अशीच देणगी दिली. ती जागा आजही आहे.

गोव्यात मात्र पैसा राज्य सरकारच्या कला व संस्कृती खात्याकडून येतो. ठेव असो वा अनुदान, ते आटलं की जागा रिकामी राहते, हे लक्षात ठेवायला हवं. या अध्यासनावर आलेले अर्जेंटिनाचे सांतियागो लुसार्दी जिरेली यांनी विद्यापीठाचा गायकवृंद घडवला. म्हणजे गुरू गेले, तरी त्यांच्या नावाने शिकवणं चालू राहिलं.

आपल्या चिंचवड-चाकणच्या भजनी मंडळांत चाली शिकवणाऱ्या आजी आहेत. त्यांचं नाव कुठे लिहिलेलं आहे का? अध्यासन आपल्या हाती नाही, पण वही आहे. या आठवड्यात त्यात एक चाल आणि ती शिकवणारीचं नाव लिहा.