भातकुलीत दर्शन होतं, मुक्काम होत नाही. यात मोबाईल काय करू शकतो?

रुक्मिणीहरणाची गोष्ट वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक असते. कौंडण्यपूर तिचं माहेर. कृष्णाने तिला नेलं ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, असं इथं मानतात. पण तिचा भाऊ रुक्मी पुढं कुठं गेला?

बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो निघाला. कृष्णाकडून हरला आणि भोजकट नावाचं नवं नगर वसवून तिथेच राहिला. हे भोजकट म्हणजेच आजची भातकुली, असं सांगतात.

ही झाली पुराणातली कथा. पण भोजकट हे नाव तांब्यावर कोरलेलंही सापडलंय. अचलपूरजवळच्या चमक गावात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट मिळाला. भोजकट राज्यातलं चर्मांक, म्हणजे आजचं चमक, हे गाव १,००० ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे.

खरी गंमत दानाच्या अटींमध्ये आहे. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. अट मोडली तर राजा जमीन परत घेणार! रील बनवणाऱ्यांना यापेक्षा चांगली स्क्रिप्ट कुठं मिळणार? फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने या ताम्रपटाचं वाचन १८८८ मध्ये छापलं, तेही जाडजूड इंग्रजी ग्रंथात.

आता तुम्ही म्हणाल, याचा पोटापाण्याशी काय संबंध?

भातकुली तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे विहीर खोदून बागायत करण्याचा मार्ग जवळपास बंद. शेती पावसाच्या भरवशावर. अशा ठिकाणी शेतीबाहेरून येणारा रुपया मोलाचा असतो. आदिनाथांच्या जैन मंदिरामुळे भाविक तर येतातच, पण अमरावती अर्ध्या तासावर. दर्शन झालं की गाडी परत फिरते. माणूस जितके तास थांबतो, तितका गावात खर्च करतो. पर्यटनाचं सगळं गणित इथंच अडकतं.

तंत्रज्ञानाचं काम हे तास वाढवण्याचं आहे. त्यासाठी आभासी वास्तवाचे महागडे चष्मे लागत नाहीत. कौंडण्यपूर, अंबादेवी, भातकुली आणि चमक ही चार ठिकाणं नकाशावर एका गोष्टीने जोडली, तर दीड-दोन दिवसांची सहल तयार होते. वऱ्हाडी बोलीतली ध्वनिफीत गाडीत ऐकता येईल. जुन्या मूर्तींचे चहूबाजूंनी फोटो काढून त्रिमितीय प्रतिकृती बनवणं आता साध्या फोनवरही जमतं. अर्थात विश्वस्तांची परवानगी आधी. आणि कथा कुठली, पुरावा कुठला, हे ध्वनिफितीत वेगळं सांगायलाच हवं. नाहीतर रुक्मीच्या राजवाड्याचे बनावट एआय फोटो फिरायला वेळ लागणार नाही.

याच तालुक्यात पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन जे काम सुरू केलं, त्याच्या सुरुवातीच्या आठवणी या यात्रेशी जोडलेल्या आहेत. इथं तर गर्दी आयतीच आहे. बचत गटाने रोडगे आणि वांग्याच्या भाजीची ऑर्डर आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर घेतली, पैसे यूपीआयने घेतले, तर किती कणीक मळायची हे आधीच कळेल आणि अन्न वाया जाणार नाही.

गावाच्या हातात पैसा कसा येतो, हे बघायला साताऱ्याचं भिलार आहे. २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा पुस्तकं ठेवली गेली ती मुख्यतः लोकांच्या घरांत. वाचक घरी आला की चहा, जेवण, मुक्कामाचा विषय आपोआप निघतो. अर्थात भिलारला महाबळेश्वर-पाचगणीची गर्दी शेजारीच मिळते, भातकुलीला ती सोय नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, पण पाहुणा उतरल्यावर टॅक्सीवाल्याने चिखलदऱ्याचंच नाव घेतलं तर भातकुलीला काय मिळणार?

म्हणून पहिला खर्च ॲपवर नको. ॲप बनवणारी कंपनी पैसे घेऊन जाते, वर्षभराने क्यूआर कोड स्कॅन केला तर पान उघडत नाही. त्याऐवजी तालुक्यातल्या दहा-बारा पोरापोरींना मार्गदर्शक म्हणून तयार करावं, ताम्रपटाचा मराठी अनुवाद त्यांच्या हातात द्यावा आणि फेरीचे पैसे थेट त्यांच्या खात्यात जावेत. पान बंद पडलं तर ते चालू करण्याची घाई मग त्यांनाच असेल.